पासवर्ड विसरलात? मग किल्लीच घ्या!

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या कामरगावात बचत गटाची मीटिंग होती. हप्ते गोळा झाले, चहा झाला आणि हिशेब नोंदवायला मोबाईल काढला, तर गटाची वेबसाईट उघडेचना. पासवर्ड चुकला! अध्यक्षताईंनी शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं. मागे दुधाच्या हिशेबाशेजारी पासवर्ड लिहिलेला! "लिवून नाई ठेवलं तं ध्यानात कसं राहीन बाई?" सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण माझा पासवर्ड डाळीच्या डब्यावर चिकटवलेला आहे.

पण मैत्रिणींनो, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्याच गटातल्या एका काकूंना "बँकेतून बोलतो" असा फोन आला होता. त्यांनी भोळेपणाने ओटीपी सांगितला आणि लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवलेले नऊ हजार रुपये गेले. पैशापेक्षा घरच्यांच्या बोलण्याने त्या जास्त खचल्या. तेव्हापासून मोबाईलला हात लावणंच त्यांनी सोडलं होतं.

गटाची वेबसाईट माझ्या भाचीने बनवलेली. ती अमरावतीला कॉम्प्युटर शिकते. तिला फोन केला तर म्हणाली, "मावशी, पासवर्डच काढून टाकते. पासकी लावते."

"ते काय गं आणखी?"

तिने समजावलं ते असं. पासकी म्हणजे जोडीच्या दोन किल्ल्या. आपला मोबाईलच त्या तयार करतो. एक खासगी, ती आपल्याकडेच राहते. दुसरी उघड, ती वेबसाईटच्या सर्व्हरकडे जाते. आत जायचं म्हटलं की सर्व्हर दरवेळी एक नवा आकडा पाठवतो. आपण बोट टेकवलं की मोबाईल खासगी किल्लीने त्या आकड्यावर सही करतो. सर्व्हर ती सही उघड किल्लीने ताडून पाहतो. जुळली की दार उघडलं! बँकेत आपल्या सहीचा नमुना असतो ना, तसंच. फरक एवढाच, की इथे नमुना चोरीला गेला तरी त्यावरून कुणाला सही गिरवता येत नाही.

आणखी एक गंमत. ही किल्ली त्या वेबसाईटच्या नावाशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणारी खोटी वेबसाईट समोर आली, तरी मोबाईल किल्ली देतच नाही. फोनवर कुणी कितीही गोड बोललं, तरी आपल्याला काही पाठच नाही, तर सांगणार काय?

अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी मे २०२२ मध्ये एकत्र येऊन हा मार्ग जाहीर केला. २०२३ मध्ये गूगल खात्याला आणि व्हॉट्सअ‍ॅपलाही ही सोय आली.

"म्हणजे रेशनच्या दुकानासारखा अंगठा?" आमच्या एका ताईंनी विचारलं. नाही हं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला, तेव्हापासून अंगठा आपल्या ओळखीचा झाला. पण तो ठसा आधारच्या यंत्रणेकडे पाठवून ताडला जातो. पासकीत बोटाचा ठसा मोबाईलच्या बाहेर जातच नाही.

आता खरी अडचण सांगते. ती सर्व्हरची नाही, आपल्या घरातली आहे. मीटिंगमध्ये विचारलं, स्वतःचा फोन कितीजणींकडे? निम्मेच हात वर आले. बाकीच्यांचा फोन मुलाचा नाहीतर नवऱ्याचा. ज्या फोनमध्ये घरातल्या चौघांची बोटं नोंदवलेली, तिथली किल्ली चौघांचीच! शिवाय या किल्ल्या बहुधा गूगल खात्यात जपल्या जातात, आणि ते खातं आपल्याला काढून देतो मोबाईलच्या दुकानातला पोरगा. त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक! म्हणून आधी तो बदला. फोनमध्ये कुणाकुणाची बोटं आहेत ते बघा. आणि पासकी आली तरी बाकी व्यवहारांचा ओटीपी, यूपीआयचा पिन कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर लाजून बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

भाचीने स्वतःचा फोन नसलेल्यांसाठी जुनी वही चालू ठेवायला सांगितली, तेही बरंच झालं.

परवा काकूही आल्या. निंदण-खुरपणाने झिजलेलं बोट फोन काही घेईना. भाची म्हणाली, "काकू, बोट नसलं तरी फोनच्या कुलुपाचा पिन चालतो. नवा टाका, मनातला." काकूंनी फोन पदराआड धरून पिन टाकला. वेबसाईट उघडली, स्वतःची बचत स्वतःच्या डोळ्यांनी बघितली.

"काय टाकलं हो काकू?" मी मुद्दामच विचारलं.

काकू हसल्या. "तुले कायले सांगू? पोरालेबी नाई सांगत आता!"