बिल्ड कधी होतं, कधी फसतं... असं का? समजून घ्या ‘रेस कंडिशन’

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. हजारो फाइल्स कंपाइल करून तो ‘बिल्ड’ करावा लागतो. त्यासाठी वापरतात ‘मेक’ हे टूल. 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते बनवलं. आजच्या मेकला ‘-जे8’ सांगितलं, की ते एका वेळी आठ कामं चालवतं.

गडबड कुठे होते?

समजा, एक काम ‘व्हर्जन.एच’ ही फाइल तयार करतंय आणि दुसऱ्याला तीच वाचायची आहे. दुसरं आधी पोहोचलं, तर फाइल सापडत नाही किंवा अर्धवट मिळते. हीच रेस कंडिशन. पुन्हा बिल्ड चालवलं की फाइल तयारच असते, म्हणून एरर गायब! त्याहून वाईट म्हणजे जुनी फाइल वाचली गेली, तर एरर न येताच चुकीचं अ‍ॅप तयार होतं.

मग करायचं काय?

1. कशाआधी काय लागतं, ते मेकफाइलमध्ये स्पष्ट लिहा. ओळींच्या क्रमावर विसंबू नका.
2. प्रत्येक कामाला वेगळी तात्पुरती फाइल द्या.
3. फाइल दुसऱ्या नावाने पूर्ण लिहा, मगच खरं नाव द्या.
4. जीएनयू मेक 4.4 मधला ‘--शफल’ पर्याय वापरा. तो कामांचा क्रम मुद्दाम बदलतो, त्यामुळे लपलेल्या चुका लवकर सापडतात.

‘-जे1’ लावलं तर एरर बहुतेक दिसणार नाही. पण चूक मात्र तिथेच राहील.