फाइल मॅनेजरला अ‍ॅडमिनचे हक्क: पाव शतकाचा मागोवा

विंडोज ९८ मध्ये हक्कांचा प्रश्नच नव्हता. संगणकासमोर जो बसेल त्याला सगळ्या फाइली मोकळ्या. २००१ साली आलेल्या एक्सपीत खाती वेगळी करता यायची, पण पहिलं खातं आपोआप अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं व्हायचं आणि घरोघरी तेच वापरलं जायचं. डीटीपीवाल्यांनी नवा मराठी फॉन्ट आणला की विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये ओढून टाकायचा, झालं काम. व्हायरसलाही तीच वाट मोकळी होती.

२००७ च्या व्हिस्टाने दर थोड्या वेळाने परवानगी विचारायला सुरुवात केली आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तिने केलेल्या एका चांगल्या गोष्टीची मात्र फारशी कुणी दखल घेतली नाही. तिचा फाइल मॅनेजर, विंडोज एक्सप्लोरर, साध्या हक्कांवरच चालत राहिला. संरक्षित फोल्डरमध्ये काही टाकायचं असेल तर फक्त त्या कामापुरती परवानगी मागायचा. पुढचा सगळा प्रवास याच दिशेने झाला.

लिनक्समध्ये तो जास्त खडतर ठरला. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या उबुंटूने सर्वाधिकारी रूटचं खातं बंद ठेवून, एकेका कामापुरते रूटचे हक्क देणारं सूडो हाती दिलं. लोक सूडोनेच नॉटिलस हा अख्खा फाइल मॅनेजर उघडू लागले. त्यातून सेटिंगच्या काही फाइलींची मालकी रूटकडे जायची आणि कधीकधी पुढच्या वेळी लॉगिनच व्हायचं नाही. म्हणून खिडकीवाल्या प्रोग्रॅमसाठी सूडोऐवजी जीकेसूडो वापरा, असा सल्ला असे. तरी मूळ धोका कायम राही. फाइल मॅनेजर नुसती यादी दाखवत नाही. तो चित्रांची छोटी रूपं बनवतो, प्लगिन चालवतो, दुसरे प्रोग्रॅम उघडतो, आणि हे सगळं रूटच्या हक्काने होतं. त्यात, पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या एक्स११ वर कुठलाही साधा प्रोग्रॅम शेजारच्या खिडकीला खोट्या कळा पाठवू शकतो. ती खिडकी रूटची असेल तर संगणकच हातातून गेला.

याच कारणासाठी केडीई डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरने २०१७ मध्ये रूट म्हणून उघडायला नकार दिला. कारण बिनतोड होतं, पण पर्याय तयार नसताना दार लावणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. खरोखर रूट म्हणूनच लॉगिन करणाऱ्यांना २०१८ मध्ये सूट मिळाली. बाकीच्यांसाठी पर्याय म्हणून केआयओ-अ‍ॅडमिन आलं ते २०२२ मध्ये. नॉटिलस बनवणाऱ्या नोम डेस्कटॉपच्या मंडळींनी मात्र फाइली हाताळणाऱ्या आपल्या जीव्हीएफएसमध्ये 'अ‍ॅडमिन' पत्त्याची सोय २०१६ मध्येच केली होती. जीकेसूडो ज्यात होतं ते जीकेसू डेबियन लिनक्सने २०१८ मध्ये काढून टाकलं, तेव्हा नोम वापरणाऱ्यांचं काही अडलं नाही.

आता पत्त्याच्या पट्टीत मार्गाआधी 'अ‍ॅडमिन' आणि अपूर्णविराम लिहिला की पासवर्ड विचारला जातो. खिडकी साधीच राहते. फाइल वाचण्या-लिहिण्याचं काम पडद्यामागची वेगळी प्रोसेस रूटच्या हक्काने करते. एकच सेटिंगची फाइल बदलायची असेल तर मी तेवढंही करत नाही, सूडोएडिट वापरते. ते फाइलीची तात्पुरती प्रत माझ्या साध्या हक्कांनी उघडतं आणि बदल झाले की मूळ जागी ठेवतं.