काढून ठेवायचा हात

बदक पाण्यात पाय मागे रेटतं तेव्हा बोटांमधला पडदा ताणला जातो, आणि पाय पुढे घेताना बोटं मिटतात. अमेरिकेत बोल्डर इथल्या टीआरएस कंपनीच्या ‘फ्रीस्टाइल’ या पोहण्याच्या हाताची करामत एवढीच. पंजाच्या जागी दुमडते पंख आहेत. हात मागे ओढला की पाण्याच्या दाबाने ते उघडतात, पुढे नेला की मिटतात. मोटर नाही, बॅटरी नाही.

१९७९ मध्ये ही कंपनी काढणाऱ्या बॉब रॅडोसी यांनी स्वतःच अपघातात हात गमावला होता. त्यामुळे असेल, बोटं खऱ्यासारखी दिसायला हवीत असा हट्ट इथे दिसत नाही. पोहताना पाणी धरतो तो पंजा आणि कोपरापुढचा हात. एका बाजूला तो नसला की त्या बाजूच्या खांद्याला नि पाठीला पुरेसं काम मिळत नाही, अंग एकीकडे वळत राहतं. पंख लावले की त्याही खांद्याला पाणी ओढावं लागतं.

शर्यतीत मात्र हा हात काठावरच ठेवायचा. पॅरा जलतरणाच्या नियमांत कृत्रिम अवयवाला मज्जाव आहे. करमाळ्याच्या सुयश जाधवला अकराव्या वर्षी विजेचा धक्का बसला आणि दोन्ही हात कोपराखाली गेले. २०१८ च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्याने उरलेल्या हातांवरच जिंकलं. चीनच्या जंग ताओला दोन्ही हात नाहीत. बॅकस्ट्रोक सुरू करताना तो दातांत टॉवेल धरतो आणि शेवटी डोक्याने भिंत शिवतो. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्याने ४ सुवर्णं मिळवली.

म्हणजे पंखांचा हात हा विहिरीत शिकताना पाठीला बांधलेल्या डब्यासारखा. कधीतरी सोडायचाच.

पण तो नीट बांधता यायला हवा, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे. पंख सोपे, अवघड आहे ते उरलेल्या हातावर चढणारं सॉकेट. सैल राहिलं तर आत पाणी शिरून ते निसटतं, आवळलं तर कातडी सोलते. आत हवा अडकली की हात वर तरंगू पाहतो. कृत्रिम पायाचंही तेच. पोकळ पाय वर येतो, जड पाय खाली ओढतो. न्यूयॉर्कच्या नॉर्थवेल हेल्थने २०१७ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर पायाला लावायचा नायलॉनचा पर काढला, त्याला पाणी आरपार जाण्यासाठी भोकं ठेवावी लागली.

दोन्ही हात कोपराखाली नसतील तर आणखी एक प्रश्न. पहिला हात दातांनी ओढून कसाबसा चढवता येईल, पण पंखांनी पट्टा आवळता येत नाही. दुसरा हात चढवायला काठावर कुणीतरी लागतंच.

आणि मुलं वाढतात. पंख आट्यांवर फिरवून काढता येतात, पुढच्या सॉकेटला पुन्हा बसवता येतात. सॉकेटचं माप मात्र दर वेळी नव्याने घ्यावं लागतं, आणि त्याचे पैसेही नव्याने मोजावे लागतात.