सज्जातील दोन वेली

मुंबईच्या लोअर परळ भागातून जाणाऱ्या ना. म. जोशी मार्गाला जुने रहिवासी आजही डिलाईल रोड याच नावाने ओळखतात. १९२० नंतरच्या काही वर्षांत या रस्त्यालगत बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या आणि कापडगिरण्यांत काम करणारी असंख्य कुटुंबे तेथे नांदू लागली. एका खोलीच्या त्या संसारात बागेला जागा कोठून असणार? तरीही खिडकीच्या गजांशी तुळशीचा डबा असे, आणि गणपतीला कोकणात गेलेला चाकरमानी परतताना पिशवीत एखादे तवसे घेऊन येई.

तवसे म्हणजे कोकणातील मोठी पावसाळी काकडी. गणेशचतुर्थीला ते गणपतीच्या माटवीला टांगतात. किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून त्याचे धोंडस करतात. आता गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत आणि चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. डब्याच्या जागी सज्जातील कुंडी आली आहे आणि तवशाबरोबर परदेशी काकडीचे बियाणेही घरात येऊ लागले आहे. ही परदेशी काकडी लांब, सरळ, पातळ सालीची असते आणि तिच्या पोटात बिया जवळजवळ नसतातच.

समजा, अशाच एका सज्जात दोन कुंड्या आहेत. एकीत गावाकडून आणलेली तवशाची बी पेरली आहे, तर दुसरीत परदेशी काकडीची. दोन्ही वेलींना सारखेच ऊन आणि सारखेच पाणी मिळते. तरीही काही दिवसांनी परदेशी वेलीवर काकड्या लोंबू लागतात. तवशाची वेल मात्र फुलांनी भरून जाते आणि फळ एकही धरत नाही. वेलीची काळजी घेणाऱ्या मुलाला वाटते, आपल्याच हातून काही चुकले असावे. वास्तविक त्याचे काहीही चुकलेले नसते. मग असे का घडते? हे समजण्यासाठी बीपासूनच आरंभ केला पाहिजे.

काकडीसाठी निदान एक फूट खोल आणि तेवढीच रुंद कुंडी घ्यावी. तळाला पाणी वाहून जाण्यासाठी भोके असावीत. माती भुसभुशीत असावी व तिच्यात चांगले कुजलेले खत मिसळावे. बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खोल, आडवी ठेवून मातीने झाकावी. उबदार हवेत ती चार-पाच दिवसांत उगवते.

बी आडवी ठेवण्यात एक गंमत आहे. मूळ बाहेर पडताच त्याच्या वरच्या भागाला, जमिनीच्या बाजूस, एक इवलीशी खुंटी फुटते. ही खुंटी बीचे टरफल दाबून धरते. तेवढ्यात वरचा देठ ताठ होऊ लागतो आणि दोन्ही दले टरफलातून ओढली जाऊन मोकळी होतात. खुंटी खालच्याच बाजूला का फुटते? १९९८ साली ‘डिस्कव्हरी’ या अंतराळयानात काकडीच्या बिया रुजविण्यात आल्या. तेथे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जाणवत नसल्यामुळे रोपांना एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंना खुंट्या फुटल्या. यावरून पृथ्वीवर वरच्या बाजूची खुंटी गुरुत्वाकर्षणामुळे दबून राहते, असे शास्त्रज्ञांना उमगले. मातीच्या काळोखातही इवल्याशा बीला वर कोणते आणि खाली कोणते हे कळते, ते असे.

रोपाला चार-पाच पाने आली की त्याला चढण्यासाठी दोरी किंवा काठी द्यावी. वेलीला सुतासारखे बारीक ताणे फुटतात. ताणा आधाराला स्पर्श होताच त्याला विळखा घालतो आणि नंतर स्वतःच्याच अंगाला पिळे देऊन स्प्रिंगसारखा होतो. त्यामुळे वाऱ्याचा झोत आला, तरी वेल झोका घेते, पण तुटत नाही.

आता फुलांकडे वळू. तवशाच्या वेलीवर दोन प्रकारची पिवळी फुले येतात. काहींचा देठ नुसताच बारीक असतो, ती नरफुले. काहींच्या मागे बोटाच्या टोकाएवढी चिमुकली काकडी असते, ती मादीफुले. बहुधा नरफुले आधी येतात आणि मादीफुले मागाहून. नरफुलातील पराग मादीफुलाच्या कुक्षीवर पडले, तरच ती चिमुकली काकडी वाढते; नाहीतर पिवळी पडून गळून जाते. काकडीचे पराग चिकट असतात. ते वाऱ्याने उडत नाहीत. त्यांना वाहून नेण्यास मधमाशी लागते. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. कोकणातल्या परसात मधमाश्यांना तोटा नसतो. परंतु विसाव्या मजल्यावरच्या एकट्या वेलीकडे, तिच्या दोन-चार फुलांसाठी, त्या क्वचितच वळतात. तवशाची फुले गळण्याचे हेच कारण होय.

मग परदेशी वेलीला मधमाशीची गरज का भासत नाही? याचे उत्तर थंड देशांतील काचघरांत सापडते. काकडीला ऊब लागते. इंग्लंडसारख्या देशात ती उघड्यावर नीट वाढत नाही, म्हणून तेथील लोक ती काचेच्या घरात लावू लागले. आगगाडीच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज स्टीफन्सन याला उतारवयात या बागकामाचा मोठा छंद होता. आपल्या काकड्या वाकड्या होतात हे त्याला खपेना. तेव्हा त्याने काचेच्या नळ्या करवून घेतल्या आणि वाढत्या काकड्या त्यांत घालून सरळ केल्या! अशा बंद काचघरांत मधमाश्या सहसा येत नसत. तेव्हा ज्या वेली परागांवाचूनही फळ धरत, त्यांचीच निवड माळी आणि शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या करीत गेले. अशा निवडीतून ही बिनबियांची जात तयार झाली. तिच्या आजच्या अनेक वाणांना जवळजवळ सगळी मादीफुलेच येतात. मधमाशीच्या दृष्टीने इंग्लंडचे काचघर आणि मुंबईचा विसावा मजला यांत फारसा भेद नाही. म्हणूनच ती वेल येथेही सुखाने फळते.

मात्र या सोयीची किंमत द्यावी लागते. जिच्या पोटात बी नाही, ती पुढच्या वर्षासाठी काय ठेवणार? तिचे बियाणे दरवेळी विकत आणावे लागते आणि ते महागही असते. उलट तवशाला प्रारंभी थोडी मदत लागते; पण एकदा फळ धरले, की ते पुढील कित्येक वेलींचे बियाणे आपल्या पोटात घेऊन पिकते.

ही मदत करणे लहान मुलांनाही सहज जमते. सकाळी फुले ताजी असताना एक नरफूल खुडावे. त्याच्या पाकळ्या अलगद काढून टाकाव्यात आणि मधला परागांचा भाग मादीफुलाच्या कुक्षीवर हळुवार फिरवावा. चार-पाच दिवसांत ती चिमुकली काकडी फुगू लागली, तर मधमाशीचे काम साधले असे समजावे. फळ जड होऊ लागले, की त्याला जुन्या कापडाची झोळी बांधून आधार द्यावा.

दोन्ही वेलींना पाणी नियमित हवे; कारण काकडीत शंभरातील सुमारे पंचाण्णव भाग पाणीच असते. पाण्याची ओढ पडली किंवा ऊन फार तापले, तर फळात कडवटपणा वाढतो. तो मुख्यत्वे देठाकडे असतो; म्हणून आजी ते टोक कापून टाकते. फारच कडू लागणारी काकडी मात्र खाऊ नये.

बियाणे धरण्यासाठी एक तवसे वेलीवरच पूर्ण पिकून तांबूस-पिवळे होऊ द्यावे. त्यातील गर बियांसकट पाण्यात एक-दोन दिवस ठेवावा. तळाशी बसलेल्या भरीव बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि कोरड्या बरणीत ठेवाव्यात.

आता एक प्रश्न उरतो. यांतील परकी काकडी कोणती? काकडीचे रानटी पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी आजही आढळतात. त्यांची फळे लहान आणि कडू असतात. भारतातूनच काकडी पश्चिमेकडे गेली आणि इंग्लंडच्या काचघरापर्यंत पोहोचली. आजही अमेरिकेतील बियाणे विक्रेत्यांच्या याद्यांत ‘पूना खीरा’ नावाची काकडी असते आणि तेथील हौशी लोक ती दूरदेशीचे नवल म्हणून लावतात. तेव्हा सज्जातील दोन वेलींपैकी एक या भूमीत राहिली आणि दुसरी दूरचा प्रवास करून माघारी आली, एवढेच. पहिलीला कोणाच्या तरी हाताची गरज आहे. दुसरीला ती नाही. परंतु ज्या मुलाने सकाळी लवकर उठून मधमाशीचे काम केले, त्याच्या बरणीत मूठभर बिया जमतील. पुढल्या पावसाळ्यात शेजारच्या दारात जाऊन तो त्यांतल्या दोन बिया खुशाल देऊ शकेल.