गोळी स्वस्त झाली, आता कसबही शिकूया

मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनच्या ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या जनऔषधी केंद्रात २०२२ मध्ये ६० रुपयांना मिळू लागल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये पेटंट संपलं होतं आणि बाजारात किमती कोसळल्या. महिन्याच्या खर्चात किराण्याखालोखाल औषधांचा आकडा लिहिणाऱ्या घरांना याचं मोल सांगायला नको. किमतीबद्दल भरपूर छापून आलं आहे. मला सांगायचं आहे ते हे औषध बनवण्याच्या एका पद्धतीबद्दल, कारण त्या कामात एक जिवाणू मौल्यवान धातूपेक्षा उजवा ठरला.

उदाहरण गणपतीच्या मूर्तीचं घेऊ. डाव्या सोंडेची मूर्ती आरशासमोर ठेवली, की आरशात उजव्या सोंडेचा गणपती दिसतो. बाकी सगळं तेच, फक्त वळण उलटं. पण तेवढ्यानं सोवळं किती बदलतं, हे घरोघरी माहीत आहे. कार्बनच्या असंख्य रेणूंचं असंच असतं. बाळंतशेपा आणि स्पिअरमिंट जातीचा पुदिना यांच्या वासामागे कार्व्होन हा एकच रेणू आहे, फक्त एकात डावा, दुसऱ्यात उजवा. हा फरक आपल्या नाकालाही कळतो, मग औषध ज्या प्रथिनावर काम करतं त्याला तो कळणारच. सिटाग्लिप्टिनचंही एकच वळण कामाचं आहे, दुसरं फारच दुबळं.

साध्या रासायनिक क्रियेत दोन्ही वळणं निम्मी-निम्मी तयार होतात. मर्क कंपनीनं हवं ते वळण मिळवण्यासाठी ऱ्होडियम हा महागडा धातू आणि हवेच्या सतरा पट दाबाचा हायड्रोजन वापरला. तरी शुद्धता ९७ टक्क्यांच्या आसपासच राही. मग पुन्हा स्फटिक करायचे, धातूचा अंश काढून टाकायचा, असा खटाटोप.

आर्थ्रोबॅक्टर या जिवाणूकडे एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. ब-६ जीवनसत्त्वाच्या मदतीनं ते एका रेणूवरचा अमिनो गट उचलून दुसऱ्यावर ठेवतं, आणि ठेवताना वळण चुकत नाही. अडचण एकच होती. त्याच्या खोबणीत सिटाग्लिप्टिनचा कच्चा रेणू मावतच नव्हता. कोडेक्सिस आणि मर्क या कंपन्यांच्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीनं आधी ती खोबण रुंद केली. पहिल्या यशस्वी विकरानं दिवसभरात एक टक्काही माल बदलला नाही. पुढे अकरा फेऱ्या झाल्या, विकरात २७ बदल साठत गेले आणि क्षमता सुमारे २५,००० पट वाढली. २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेले आकडे असे: लिटरमागे २०० ग्रॅम कच्चा माल आणि ९९.९५ टक्क्यांहून अधिक शुद्धता. ऱ्होडियमच्या पद्धतीशी तुलना करता उत्पादन १० ते १३ टक्क्यांनी जास्त आणि कचरा १९ टक्क्यांनी कमी. उच्च दाबाच्या टाक्याही लागेनाशा झाल्या.

या फेऱ्यांमागची रीत ज्यांनी घालून दिली, त्या फ्रान्सिस अरनॉल्ड यांच्याबद्दल मला विलक्षण आदर आहे. तरुणपणी त्यांनी टॅक्सी चालवली, प्रिन्स्टनमधून यंत्र आणि विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली, सौरऊर्जेवर काम केलं आणि मग त्या प्रथिनांकडे वळल्या. जनुकात आडवेतिडवे बदल करायचे, तयार होणारी विकरं तपासायची, सरस निघेल ते निवडून पुन्हा बदलायचं, अशी ही रीत. टपोऱ्या कणसाचं बी पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवणाऱ्या शेतकरणीला ती लगेच समजेल. १९९३ मध्ये त्यांनी एका जिवाणूचं विकर ६० टक्के सेंद्रिय द्रावकात मूळच्यापेक्षा २५६ पट जोमानं चालवून दाखवलं. हे कसलं विज्ञान, असं म्हणणारेही तेव्हा होते. २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे जानेवारी २०२० मध्ये विकरांवरच्याच एका शोधनिबंधातले निष्कर्ष पुन्हा मिळेनात, तेव्हा त्यांनी तो मागे घेऊन जाहीर माफी मागितली. नोबेलनंतरही स्वतःचं काम तपासणीच्या त्याच चाळणीतून गाळणं मला त्या पदकाइतकंच मोठं वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गोळी स्वस्त झाली ती पेटंट संपल्यामुळे, विकरामुळे नव्हे. म्हणूनच मला वाटतं, आपला आनंद अर्धा आहे. दुसऱ्यानं शोधलेला रेणू स्वस्तात बनवण्यात भारतीय कंपन्यांचा हातखंडा आहे. पण जिवाणूचं विकर हवं तसं घडवून घेण्याचं कसब पेटंट संपलं म्हणून आपोआप हाती येत नाही. त्याला वर्षानुवर्षं पगार मिळणारी माणसं लागतात, आणि दहा फेऱ्या फसल्या तरी अकरावीला पैसे देणारा कोणीतरी लागतो.

आपण रिकाम्या हातानं सुरुवात करणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन ॲसायलेज या जिवाणूंच्या विकरावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह त्याच आवारात आहे, आणि पुण्यातच राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रानं सूक्ष्मजीवांचा आणखी एक मोठा संग्रह उभा केला आहे. एखाद्या औषधाला हवं ते वळण देणारं विकर तिथल्या एखाद्या कुपीत असू शकेल. पुढच्या पेटंटची मुदत मोजत बसण्यापेक्षा त्या कुप्या उघडण्यासाठी पैसा आणि माणसं द्यायला हवीत.