मांडवी ते मेघना

गोवा मुक्तीची लढाई, १८ डिसेंबर १९६१ची संध्याकाळ. बेतीच्या काठावर भारतीय सैन्य येऊन थांबलं होतं. समोर मांडवी आणि पलीकडे पणजी. या सैन्यानं इथवर यावं असं मूळ योजनेत नव्हतंच. मुख्य हल्ला मेजर जनरल कँडेथ यांच्या १७व्या डिव्हिजननं बेळगावच्या बाजूनं, अनमोड-मोले मार्गानं करायचा होता. उत्तरेकडून, दोडामार्गाच्या अंगानं येणाऱ्या ५०व्या पॅराशूट ब्रिगेडकडे दुय्यम काम होतं: पोर्तुगीजांना गुंतवून ठेवायचं. पण त्या ब्रिगेडचे प्रमुख होते सगत सिंग.

माघार घेताना पोर्तुगीज पूल उडवत गेले. सगत सिंगांच्या तुकड्या थांबल्या नाहीत, वाट काढत पुढे सरकल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून घडलेली २ पॅरा (मराठा) फोंड्याकडे निघाली, १ पॅरा बाणस्तारीकडे, आणि शीख लाइट इन्फन्ट्री रणगाड्यांसह थेट बेतीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी पार झाली. पणजीत शिरताना सगत सिंगांनी पॅराच्या जवानांना पोलादी शिरस्त्राणं उतरवून आपल्या किरमिजी टोप्या घालायला सांगितलं. आपण जिंकायला नाही, सोडवायला आलो आहोत, हे या शहराला डोळ्यांनी दिसावं, असाच मी त्याचा अर्थ लावतो.

त्याच संध्याकाळी गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता. तो त्यांनी पाळला नाही, म्हणूनच जुनं गोवं शाबूत राहिलं. मायदेशात त्यांना त्याची शिक्षा भोगावी लागली. गोव्याच्या इतिहासात त्यांच्या या नकाराची नोंद आदरानंच व्हायला हवी.

सगत सिंगांची घडणच सरधोपट नव्हती. जन्म १९१९चा, बिकानेर संस्थानातला. लष्करात आले ते अधिकारी म्हणून नव्हे. संस्थानी फौजेत, खालच्या पायरीवर. दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्व पाहिली आणि स्वातंत्र्यानंतर गुरखा पलटणीत रुजू झाले. १९६१मध्ये छत्रीधारी ब्रिगेड हाती आली तेव्हा ते स्वतः छत्रीधारी सैनिक नव्हते. जवानांना विमानातून उडी मारायला सांगायचं तर आधी आपण मारली पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. चाळिशी उलटल्यावर प्रशिक्षण घेतलं, उड्या मारल्या आणि छातीवर पंख लावले.

१९६५मध्ये ते सिक्कीममध्ये १७व्या माउंटन डिव्हिजनचे प्रमुख होते. पाकिस्तानशी युद्ध चालू असताना चीननं धमकी दिली: नथू ला आणि जेलेप ला या खिंडी रिकाम्या करा. संघर्ष पेटलाच तर पुढच्या चौक्या सोडून मागच्या मुख्य बचावफळीवर यायचं, अशी लष्कराची आखणी होती. शेजारच्या डिव्हिजननं जेलेप ला सोडली आणि चिनी सैन्य तिथं येऊन बसलं. सगत सिंगांनी नथू ला सोडायला नकार दिला. खिंड पाणलोटाच्या धारेवर आहे, ती दिली तर खालची सगळी दरी शत्रूच्या नजरेखाली जाते, हे त्यांनी नकाशापेक्षा डोंगरावर उभं राहून ओळखलं होतं.

त्याची किंमत दोन वर्षांनी मोजावी लागली. ११ सप्टेंबर १९६७ रोजी सीमेवर तारेचं कुंपण घालताना चिनी मशीनगन सुरू झाल्या. उघड्यावर काम करणारे आपले जवान धडाधड कोसळले. तोफा चालवायला वरून परवानगी लागत होती. सगत सिंग तिच्यासाठी थांबले नाहीत. आपल्या तोफांनी चिनी मोर्चे भाजून काढले आणि तीन-चार दिवसांत मारा थांबला. या आणि पुढच्या महिन्यातल्या चो ला इथल्या चकमकीत मिळून भारताचे ८८ जवान गेले. ती किंमत लहान नव्हतीच. पण १९६२च्या पराभवानं मनात बसलेली भीती याच खिंडीत उतरली, हे माझं ठाम मत आहे.

मग १९७१चं बांगलादेश युद्ध. आता ते ४ कोअरचे प्रमुख, आघाडी त्रिपुराची. आदेश होता मेघना नदीपर्यंतचा. ढाका त्यात नव्हतं. आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्यानं ९ डिसेंबरला उडवला आणि समोर राहिलं ते सागरासारखं पसरलेलं पात्र. सगत सिंग हेलिकॉप्टरमधून जागा हेरत फिरत होते. अशाच एका फेरीत गोळीबार झाला, वैमानिक जखमी झाला, स्वतः त्यांच्या कपाळाला खरचटलं. तरी दुसऱ्या हेलिकॉप्टरमधून पाहणी चालूच राहिली. हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्याबरोबर त्यांनी मोजक्या एमआय-४ हेलिकॉप्टरांचा पूल केला. दिवसा आणि रात्रीही फेऱ्या मारून जवान पलीकडे रायपुरा, नरसिंदी भागात उतरवले. बाकीचे गावकऱ्यांच्या होड्यांतून आले. पूर्व विभागाचे प्रमुख जनरल अरोरा यांना हे मान्य नव्हतं. सगत सिंग हटले नाहीत; सोपवलं त्याहून जास्त काम करून देतोय, हीच त्यांची बाजू होती. पूल उडवून आपण भारतीयांना अडवलं, असं समजणाऱ्या पाकिस्तानी सेनापतींच्या दाराशी हे सैन्य आठवड्याच्या आत उभं होतं.

याला बेशिस्त म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. बेशिस्त माणूस जबाबदारी टाळतो. सगत सिंगांनी ती दर वेळी अंगावर घेतली आणि जिथं धोका होता तिथं आधी स्वतः गेले. चुकलं असतं तर कोर्टमार्शल त्यांचंच झालं असतं.

१६ डिसेंबरच्या ढाक्यातल्या पाकिस्तानी शरणागतीच्या प्रसिद्ध छायाचित्रात ते मागे उभे आहेत. पद्मभूषण मिळालं, पण आर्मी कमांडरपद कधीच मिळालं नाही. १९७६मध्ये लेफ्टनंट जनरल म्हणूनच निवृत्त होऊन ते जयपूरला राहायला गेले आणि २६ सप्टेंबर २००१ रोजी वारले. जयपूरच्या त्या घराला त्यांनी नाव दिलं होतं ‘मेघना’.