ॲव्हरेज नंतर विचारा, आधी तुमचे किलोमीटर मोजा

सोयाबीनचे पैसे घरात आले, दसरा-दिवाळी जवळ आली, की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो. पोराला किंवा पोरीला कॉलेजला जायला गाडी घ्यायची का? आणि घ्यायचीच तर कोणती? वडील म्हणतात, स्प्लेंडर. मामा म्हणतात, शाइन घ्या, दम आहे तिच्यात. मित्र म्हणतात, रेडर नाहीतर पल्सर, बाकीच्या काय गाड्या असतात का! शोरूमवाला म्हणतो, आज बुकिंग केलं तर ऑफर आहे. या सगळ्या गडबडीत मुद्द्याचा प्रश्न राहूनच जातो : तुम्ही रोज जाणार कुठं, किती लांब आणि कुणाला घेऊन?

घरात साधी कम्युटर गाडी आणायची, म्हणजे १०० ते १२५ सीसीची, कमी पेट्रोल खाणारी, कुठल्याही मेकॅनिककडे दुरुस्त होणारी, तर ती तुमच्या कामाची आहे की नाही हे या एका प्रश्नावर ठरतं. ब्रँडवर नाही आणि रीलमधल्या रिव्ह्यूवर तर अजिबात नाही.

पेट्रोलचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा

२०१८ साली पेट्रोलच्या दरामुळे परभणीचं नाव देशभर बातम्यांत आलं होतं. कारण सांगितलं गेलं ते असं की पेट्रोल मनमाडच्या डेपोतून टँकरने यायचं आणि एवढ्या लांबच्या वाहतुकीचा खर्च दरात जमा व्हायचा. त्यामुळे 'देते किती?' हा प्रश्न आपल्याकडे उगाच विचारला जात नाही. पण ॲव्हरेजचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. कागद घ्या आणि करून बघा.

समजा तुम्ही मानवतहून परभणीला कॉलेजला येता. जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर. महिन्याला २४ दिवस धरले तर १,४४० किलोमीटर. लिटरला ६० देणाऱ्या गाडीला २४ लिटर लागेल, ४५ देणाऱ्या गाडीला ३२ लिटर. हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर महिन्याला ८४० रुपयांचा फरक पडतो. वर्षाला दहा हजारांच्या घरात. म्हणजे एका सेमिस्टरची फी, पुस्तकं किंवा रूमचं भाडं.

आता समजा तुम्ही परभणीतच वसमत रोडला राहता आणि कॉलेज, क्लास, लायब्ररी मिळून दिवसाला आठ किलोमीटर फिरता. महिन्याला होतात दोनशेच्या आत. त्याच दोन गाड्यांमधला फरक इथं महिन्याला सव्वाशे रुपयांच्याही आत येतो. फक्त ॲव्हरेजसाठी तुम्ही मन मारून गाडी घेत असाल, तर तो त्याग जवळपास फुकट आहे. तुम्ही ब्रेक, सीट, उंची, घरच्यांची सोय या गोष्टींना जास्त मार्क द्या. गर्दीच्या रस्त्यावर सतत क्लच-गिअर नको असेल तर स्कूटरचाही विचार करा.

कागदावरचे सीसी, रस्त्यावरचे खड्डे

या गाड्या अशा का बनवल्या जातात, ते थोडं समजून घेऊ. हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली आणि चार स्ट्रोकच्या छोट्या इंजिनाने कमी पेट्रोलमध्ये लांब जाता येतं हे तिने घराघरांत पोहोचवलं. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. आजच्या स्प्लेंडर प्लसचं इंजिनही ९७.२ सीसीचंच आहे, ताकद साधारण ८ पीएस, वजन ११२ किलोच्या आसपास. हे इंजिन कमी स्पीडला निवांत ओढावं म्हणून ट्यून केलेलं असतं. चाळीस-पन्नासच्या स्पीडला ते खूश असतं. ऐंशीला ते नाखूश असतं, आणि हँडलमधून तुम्हाला तसं सांगतंही.

म्हणून तुमचा रस्ता कुठला, हे महत्त्वाचं. पाथरी-मानवतकडून येणारे कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्गाने येतात. जिंतूर आणि गंगाखेड तर ४० किलोमीटरच्या पुढं. या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर असतात, ट्रक असतात, एसटी असते. एकटे असाल आणि घाई नसेल तर १०० सीसी आरामात पोहोचवते. पण मागे मित्र, पाठीवर बॅग आणि समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असेल, तेव्हा ओव्हरटेकला लागणारी ताकद तिच्याकडे फारशी शिल्लक नसते. रोज असा प्रवास असेल तर १२५ सीसी घेणं हा शौक नाही, ती गरज आहे. शाइन १२५ किंवा रेडर १२५ ची ताकद साडेदहा-साडेअकरा पीएसच्या दरम्यान आहे. आकडा छोटा वाटतो, पण आठच्या तुलनेत तो तीस-चाळीस टक्क्यांनी जास्त आहे.

आता गावाकडच्या वाटेचं बघू. आपली काळी माती पावसाळ्यात काय करते हे शेतातल्या पोरांना सांगायला नको. पांदणीत शंभर पावलं गेलं की चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने चिखल काढत बसा. तुमचं घर डांबरी रस्त्यापासून आत असेल तर शोरूममध्ये खाली वाकून पुढच्या मडगार्ड आणि टायरमध्ये किती जागा आहे ते बघा. चेनवर पूर्ण बंद कव्हर आहे का, तेही बघा. स्पोर्टी गाड्यांची उघडी चेन दिसायला भारी असते, पण चिखल आणि धुरळा तीच आधी खाते. किक आहे का, हेही विचारा. बॅटरी गेली तर शिवारात तिचाच आधार असतो.

खड्ड्यांसाठी चाकाचा आकार बघायचा. स्प्लेंडर, शाइन १२५ यांची चाकं १८ इंची आहेत, बऱ्याच मोटरसायकलींची १७ इंची. स्कूटरची चाकं साधारण १० ते १२ इंची असतात. मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं, लहान चाक त्यात उतरतं. शहरातल्या शहरात स्कूटर छान, पण रोज खराब रस्त्याने तीस किलोमीटर यायचं असेल तर कंबर तक्रार करेल.

गाडी तुमची, पण चालवणार कोण कोण?

आपल्याकडे कॉलेजसाठी घेतलेली गाडी फक्त कॉलेजला जात नाही. सकाळी तीच दूध घालायला जाते, रविवारी मोंढ्यात जाते, आजीला दवाखान्यात नेते आणि वेळ पडली तर खताची गोणीही आणते. त्यामुळे एकट्याच्या पसंतीने घेतलेली गाडी घरात रोज भांडणाचं कारण होते.

वडिलांचा पाय वरून पलीकडे जाईल का? मागची सीट एवढी उंच नाही ना, की आईला बसायला ओटा शोधावा लागेल? साडीगार्ड आणि मागचा हात धरायचा दांडा आहे ना? दिसायला बरं म्हणून बरीच पोरं साडीगार्ड काढून टाकतात. ओढणी किंवा पदर चाकात जाऊ नये म्हणून तो आहे, तिथंच राहू द्या. बहीण किंवा तुम्ही स्वतः मुलगी म्हणून गिअरची गाडी शिकणार असाल, तर कमी वजनाची कम्युटर सगळ्यात सोपी. स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर आहे. होंडाची २०२३ साली आलेली शाइन १०० तर ९९ किलोचीच आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकले की अर्धी भीती जाते.

आणि ट्रिपल सीट? त्याचं उत्तर १२५ सीसी नाही आणि १५० सीसीही नाही. कायद्याने मागे एकच जण बसू शकतो आणि हेल्मेट दोघांनाही लागतं. तिघांचा नेहमीचाच प्रवास असेल, तर ते काम एसटीचं आहे.

ब्रेकचं काय?

एप्रिल २०१९ पासूनच्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तर १२५ सीसीपर्यंत सीबीएस चालतं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाक लॉक होत नाही. तुमचं येणं-जाणं रोज महामार्गाने आणि अंधार पडल्यावरही असेल, तर निदान पुढं डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल घ्या. काही हजार जास्त जातील. नक्षीदार ग्राफिक्ससाठी तेवढेच जातात, तेव्हा आपण विचारत नाही.

पैशाचं खरं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे किमती उतरल्या, ही चांगली गोष्ट. पण एक्स-शोरूम आणि ऑन रोड यांतला फरक लक्षात ठेवा. पासिंग, टॅक्स आणि विमा त्यात यायचा असतो. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दराने ७५ ते १५० सीसीसाठी वर्षाला ७१४ रुपये आणि त्यापुढं ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये. म्हणजे १०० वरून १२५ वर गेलात तर या विम्यात एक रुपयाही वाढत नाही. १५० च्या पुढं गेलात की जवळपास दुप्पट.

हप्त्याच्या बाबतीत एक शब्द कान देऊन ऐका : फ्लॅट. '१० टक्के फ्लॅट' ऐकायला स्वस्त वाटतं. ७० हजारांवर तीन वर्षांत २१ हजार व्याज होतं. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, तरी व्याज मात्र पूर्ण ७० हजारांवरच लागत राहतं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तोच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून बँकेचा दर आणि शोरूममधल्या फायनान्सचा दर एकाच पद्धतीने मांडून मगच तुलना करा.

जुनी गाडी घेत असाल तर एमएच-२२ पासिंग बघून खूश होऊ नका. आरसी बुक मूळ मालकाच्या नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा आहे का, जुनी चलनं बाकी आहेत का, विमा चालू आहे का, एवढं एमपरिवहन ॲपवर आणि कागदांवर तपासा. आणि गाडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कदाचित गाडी नकोच

हेही एक उत्तर आहे. एसटीच्या विद्यार्थी पासला ६६ टक्क्यांहून जास्त सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा फक्त एक तृतीयांश भाग भरायचा. सेलू, पूर्णा, मानवत रोड, गंगाखेड इथं रेल्वे आहे आणि मासिक पासही आहे. गाडीच्या वेळा तुमच्या कॉलेजच्या वेळांशी जुळत असतील तर पेट्रोलचेच दीड-दोन हजार वाचतात, हप्ता तर वेगळाच. पण शेवटची बस पाचला आणि प्रॅक्टिकल सहापर्यंत असेल, किंवा गावात दिवसातून दोनच बस येत असतील, तर मात्र गाडी ही चैन उरत नाही. तिच्यावरच तुमची हजेरी टिकते. घरी हे असंच, वेळापत्रक दाखवून सांगा. 'सगळ्यांकडे आहे' यापेक्षा ते जास्त पटतं.

शोरूमला जाण्याआधी

आठ दिवस मोबाइलमध्ये लिहा : रोज किती किलोमीटर, कुठल्या रस्त्याने, एकटे की डब्बल सीट, दिवसा की अंधारात.

त्यातले बहुतेक दिवस तीस-पन्नासच्या स्पीडचे, एकट्याचे आणि साध्या रस्त्याचे निघाले, तर १०० सीसीची कम्युटर तुमचीच आहे. त्यात कमीपणा काही नाही.

बहुतेक दिवस महामार्ग आणि डब्बल सीट असतील तर १२५ सीसी, डिस्क ब्रेकसह.

दिवसाला दहा किलोमीटरच्या आत असाल तर ॲव्हरेजचा नाद सोडा आणि घरातल्या सगळ्यांना जमेल अशी गाडी बघा.

टेस्ट राइड एकट्याने घेऊ नका. रोज जो मागे बसणार आहे त्यालाच घेऊन जा, एखादा खराब रस्ता आणि एक चढ शोधा आणि तिथं गाडी थांबवून पुन्हा उचला. ती उचलताना रडली, तर कागदावरचं ॲव्हरेज कितीही असो, ती तुमच्या रस्त्याची गाडी नाही.